शेजाऱ्याला पत्र लिहिणे हा गुन्हा केव्हा झाला? नागपूर, चांदा आणि अरबी किनारा

१/२२
२० मे १८१८ रोजी इंग्रजी फौजेने चांद्याच्या परकोटाला खिंडार पाडून शहर घेतले. किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडला. आजच्या चंद्रपुरात जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर आणि बिनबा हे दरवाजे ओलांडताना या दिवसाची आठवण सहसा कोणाला होत नाही. या वेढ्याच्या मुळाशी काही पत्रे होती. नागपूरच्या राजाने पुण्याच्या पेशव्याला पत्रे पाठवली, हा त्याच्यावरचा मुख्य आरोप. दोन मराठी सत्ताधीशांनी परस्परांशी बोलणे हा अपराध कधी आणि कसा ठरला, हे या धाग्यात पाहू. शेवटी हाच धागा आपल्याला अरबस्तानच्या किनाऱ्यापर्यंत नेईल.

२/२२
आधी एक शब्द समजून घेऊ. मराठेशाहीत ‘वकील’ म्हणजे न्यायालयात बाजू मांडणारा नव्हे, तर एका दरबाराने दुसऱ्या दरबारात ठेवलेला प्रतिनिधी. पुणे, नागपूर, हैदराबाद, ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे या दरबारांत एकमेकांचे वकील राहत. ते बातमीपत्रे पाठवत, भांडणे मिटवत, कधी लावूनही देत. जासूद आणि हरकारे थैल्या घेऊन धावत. अठराव्या शतकातील हिंदुस्थानचे राजकारण या पत्रव्यवहारावर उभे होते. मराठी राज्यमंडळ ही लिखित घटना असलेली संस्था नव्हती. तिला बांधून ठेवणारी दोरी म्हणजे ही बोलणी आणि हे वकील.

३/२२
कंपनी सरकारने हे अचूक ओळखले होते. किल्ला घेतला तर तो परत मिळवता येतो, मुलूख घेतला तर त्याच्यासाठी पुन्हा लढता येते. परंतु दोन शेजाऱ्यांमधील थेट बोलणेच थांबवले, तर एकत्र येण्याची शक्यताच संपते. म्हणून १८०३ पासूनच्या तहांमध्ये मुलूख आणि खंडणी यांच्या कलमांबरोबर एक शांत, निरुपद्रवी वाटणारे कलम पुन:पुन्हा दिसते: शेजाऱ्याशी वाद झाला तर मध्यस्थी आम्ही करू, आणि शेजाऱ्याशी बोलायचे असेल तर आमच्यामार्फत बोला.

४/२२
सुरुवात वऱ्हाडातून. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावच्या लढाईत दुसरे रघूजी भोसले यांच्या फौजेचा पराभव झाला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. इंग्रजांच्या बाजूने आर्थर वेलस्ली होता, जो पुढे वॉटर्लूच्या विजयामुळे जगप्रसिद्ध झाला. भोसल्यांच्या हातून कटक प्रांत गेला. वऱ्हाडातील वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूखही गेला आणि तो पुढे निजामाच्या पदरात पडला.

५/२२
या तहातील मुलखाची कलमे सर्वांना ठाऊक असतात, इतर कलमांकडे फारसे कोणी पाहत नाही. रघूजींनी शिंदे व इतर मराठी सरदारांबरोबरची युती सोडली. निजाम किंवा पेशवा यांच्याशी भोसल्यांचा काही तंटा असेल वा पुढे होईल, तर त्यात कंपनी मध्यस्थी करील, असे ठरले. दोन्ही दरबारांत एकमेकांचे प्रतिनिधी राहतील, हेही ठरले. या शेवटच्या कलमामुळे नागपुरात रेसिडेंट आला. त्याचे नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते फार दूरच्या एका किनाऱ्यावर पुन्हा भेटणार आहे.

६/२२
नकाशा डोळ्यांसमोर आणला तर चांद्याचे महत्त्व कळते. १८०३ नंतर वर्धा नदी ही भोसले आणि निजाम यांच्यामधील सरहद्द ठरली. चांदा या नदीच्या पूर्वेला, अगदी काठाजवळचे ठाणे. पश्चिमेला निजामाचा मुलूख, त्यापलीकडे पेशवाई, दक्षिणेला प्राणहिता आणि गोदावरी, पूर्वेला वैनगंगेपलीकडे अहेरीची आणि पुढे बस्तरची दाट जंगले. तीन सत्तांच्या मध्ये असलेले, तटबंदीचे आणि पाठीशी अरण्य असलेले हे शहर, नागपूरच्या राजाला संकटकाळी गाठता येण्यासारखा आसरा होते.

७/२२
मात्र देवगावच्या तहानंतरही दुसऱ्या रघूजींनी तैनाती फौज स्वीकारली नाही. पेंढाऱ्यांच्या धाडींनी मुलूख हैराण झाला होता आणि कंपनीकडून फौजेचा आग्रह चालू होता, तरी त्यांनी ही गोष्ट अखेरपर्यंत टाळली. २२ मार्च १८१६ रोजी ते वारले. मागे राहिला मुलगा परसोजी, जो शरीराने आणि बुद्धीने राज्यकारभार करण्यास असमर्थ होता, आणि पुतण्या मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब. दरबारात दोन तट पडले. आता कंपनीला दार ठोठावावे लागले नाही, ते आतून उघडले गेले.

८/२२
इथे आपल्याला अप्रिय वाटेल अशी गोष्ट मान्य केली पाहिजे. २७ मे १८१६ चा तैनाती फौजेचा तह इंग्रजांनी लढाई जिंकून लादलेला नव्हता. आप्पासाहेबांना प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध आधार हवा होता. बोलणी गुप्तपणे झाली आणि तहावर रात्री सह्या झाल्या. तैनाती फौजेचा खर्च वर्षाला साडेसात लाख रुपये ठरला. शेजारी सत्तांशी वाद झाल्यास तो कंपनीच्या निवाड्यासाठी सोपवायचा आणि कंपनीला विचारल्याशिवाय इतर राज्यांशी बोलणी करायची नाहीत, हेही त्यात आले. घरातील भाऊबंदकी जिंकण्यासाठी आप्पासाहेबांनी घराबाहेर बोलण्याचा अधिकार देऊन टाकला.

९/२२
१ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी नागपुरात अंथरुणात मृतावस्थेत आढळला. आप्पासाहेब तेव्हा चांद्याला होते. हा खून त्यांनीच करवला, असा आरोप पुढे त्यांच्यावर ठेवण्यात आला. त्या वेळी मात्र कंपनीने त्यांना राजा म्हणून मान्यता दिली. गादीवर बसल्यावर आप्पासाहेबांना तहाचा खरा अर्थ उमगला. सीताबर्डीच्या टेकडीजवळ रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स बसलेला, त्याचे मुनशी आणि बातमीदार शहरात फिरणारे. राजाच्या दरबारात कोणाचा माणूस आला, कोणाची थैली आली, हे रेसिडेन्सीला कळत होते.

१०/२२
इकडे पुण्यात याच वर्षी फास अधिक आवळला गेला. १३ जून १८१७ च्या तहाने बाजीराव दुसऱ्याकडून मराठी राज्यमंडळाचे प्रमुखपद सोडवून घेण्यात आले. परक्या दरबारांचे वकील पुण्यात ठेवायचे नाहीत, आपले वकील बाहेर पाठवायचे नाहीत आणि जे काही बोलायचे ते इंग्रज रेसिडेंटमार्फत, अशी अट आली. हे परके दरबार कोणते? तर शिंदे, होळकर, भोसले हेही त्यातच. शंभर वर्षे ज्यांच्याशी नाते होते ती घराणी एका सहीने ‘परकी’ झाली. हा तह करवून घेणारा पुण्याचा रेसिडेंट म्हणजे आपला एल्फिन्स्टन.

११/२२
५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला लढाई पेटली. २४ नोव्हेंबरला नागपुरात आप्पासाहेबांनी पेशव्याकडून आलेली खिलत आणि सेनापतिपद भर दरबारात स्वीकारले. जेन्किन्सलाही समारंभाचे आमंत्रण होते, तो गेला नाही. खिलत म्हणजे मानाचा पोशाख. जुन्या व्यवहारात ती रीत होती, नव्या व्यवहारात ते युद्धाचे निमित्त ठरले. दोनच दिवसांनी, २६ आणि २७ नोव्हेंबरला, सीताबर्डीची लढाई झाली. भोसल्यांची फौज संख्येने कितीतरी मोठी होती, तरी टेकडी इंग्रजांच्याच हाती राहिली.

१२/२२
या लढाईत भोसल्यांच्या बाजूने सर्वांत चिवटपणे लढले ते अरब. दक्षिण अरबस्तानातून नोकरीसाठी आलेले हे शिपाई तेव्हा दख्खनच्या अनेक दरबारांत होते. १६ डिसेंबरला भोसल्यांची छावणी मोडली, राजा इंग्रजांच्या स्वाधीन झाला, तरी नागपूर शहरातील अरबांनी शस्त्रे खाली ठेवली नाहीत. शहरावरचा हल्ला फसल्यावर इंग्रजांना त्यांच्याशी बोलणी करावी लागली. सुरक्षित वाट मिळाल्यावरच, डिसेंबरअखेरीस, ते बाहेर पडले. राजाला जे बोलण्याचे स्वातंत्र्य उरले नव्हते, ते त्याच्या पगारी शिपायांनी मिळवून दाखवले.

१३/२२
जानेवारी १८१८ मध्ये आप्पासाहेबांना कडक अटींवर गादी परत मिळाली. १५ मार्चला त्यांना अटक झाली. आरोप काय होते? बाजीरावाशी गुप्त पत्रव्यवहार चालू ठेवला, किल्लेदारांना किल्ले सोडू नका असे आतून कळवले आणि स्वत: चांद्याकडे निसटण्याचा बेत केला. एक सावधगिरी आवश्यक आहे: या साऱ्याची हकिकत आपल्याला मुख्यत: आरोप ठेवणाऱ्यांच्याच कागदांतून कळते. फिर्यादी, पंच आणि दप्तराचा मालक एकच असेल, तेव्हा इतिहासाच्या विद्यार्थ्याने निवाडा देण्यात घाई करू नये.

१४/२२
बाजीराव मात्र खरोखरच चांद्याच्या रोखाने येत होता. त्याला अडवण्यासाठी इंग्रजी पलटणी नागपुराहून वरोऱ्याच्या बाजूला सरकल्या. १७ एप्रिल १८१८ रोजी पांढरकवड्याजवळ शिवणी येथे कर्नल ॲडम्सने पेशव्याच्या फौजेची दाणादाण उडवली. पेशवा आणि भोसला यांची भेट झालीच नाही. मग ॲडम्स चांद्याकडे वळला. ज्या शहरात दोन शेजारी भेटू शकले असते, ते शहर मे महिन्यात तोफांनी फोडले गेले. धाग्याच्या आरंभी सांगितलेला २० मेचा दिवस तो हाच.

१५/२२
आप्पासाहेबांना प्रयागकडे नेले जात असता १३ मे रोजी ते जबलपूरजवळ पहाऱ्यातून निसटले. महादेवाच्या डोंगरांत गोंडांनी त्यांना आश्रय दिला, पुढे ते उत्तरेकडे गेले. अखेर जोधपूरच्या महाराजा मानसिंगांनी त्यांना ठेवून घेतले आणि इंग्रजांच्या स्वाधीन करण्यास नकार दिला. १८४० साली ते तेथेच वारले. जोधपूरनेही १८१८ मध्ये कंपनीशी तह केला होता. तरीही शरणागताला सोडायचे नाही, ही जुनी रीत त्या एका दरबाराने पाळली. म्हणजे कलमे कितीही घट्ट असली तरी त्यांत फट राहत असे.

१६/२२
नागपुरात तिसरे रघूजी अल्पवयीन होते, कारभार जेन्किन्सच्या हाती गेला. १३ डिसेंबर १८२६ च्या तहाने राजाला काही अधिकार मिळाले, पण त्यातील एक अट विलक्षण आहे. साताऱ्याच्या छत्रपतींशी आणि इतर मराठी सत्तांशी असलेला संबंध राजाने सोडायचा आणि त्या जुन्या नात्याची खूण असलेले मानपानाचे विधीही बंद करायचे. इतर राज्यांशी बोलणे रेसिडेंटमार्फतच. म्हणजे पत्रे थांबवून भागले नाही, आठवणीही थांबवायच्या होत्या.

१७/२२
याचा परिणाम १८५३ मध्ये दिसला. ११ डिसेंबरला तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. राणीवशाला दत्तक घ्यायचा होता. खुद्द रेसिडेंट मॅन्सेलचे मत राज्य कायम ठेवण्याच्या बाजूचे होते. डलहौसीने ते मानले नाही आणि १८५४ मध्ये नागपूर खालसा झाले, त्याबरोबर चांदाही. या वेळी भोसल्यांच्या बाजूने एकाही शेजारी दरबाराला बोलता आले नाही. त्यांचा वकील नागपुरात नव्हता आणि नागपूरचा वकील त्यांच्याकडे नव्हता. १८०३ च्या कलमाचे फळ पन्नास वर्षांनी पिकले.

१८/२२
हीच पद्धत जंगलातल्या जमीनदारांपर्यंत पोहोचली. १८५८ मध्ये मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके आणि अडपल्लीचे व्यंकटराव यांनी उठाव केला. एप्रिलअखेरीस तारखात्याचे दोन गोरे कर्मचारी मारले गेले. इंग्रजांनी शेजारच्या अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर बाबूरावांना पकडून देण्यासाठी दबाव आणला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यात बाबूरावांना फाशी झाली. व्यंकटराव बस्तरमध्ये गेले, पण तेथील राजाने १८६० मध्ये त्यांना इंग्रजांच्या हवाली केले. जोधपूरने जे नाकारले ते करण्यावाचून अहेरी आणि बस्तर यांना गत्यंतर नव्हते. याच १८६० साली निजामाने गोदावरीच्या डाव्या तीरावरचा सिरोंचाचा मुलूख इंग्रजांना दिला.

१९/२२
आता समुद्र ओलांडू. १८१९ च्या अखेरीस मुंबईहून एक आरमारी मोहीम रास अल-खैमावर गेली. सेनापती होता विल्यम ग्रँट कीर, जो आदल्याच मराठा युद्धात गुजरातेकडील फौजेचा प्रमुख होता. मुंबईचा गव्हर्नर म्हणून १ नोव्हेंबर १८१९ रोजी सूत्रे हाती घेणारा होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. जानेवारी १८२० मध्ये त्या किनाऱ्यावरच्या अरब शेखांशी तह झाला. नागपूर आणि पुण्यात जी कार्यपद्धती घडली, ती जाणणारी माणसेच आता आखाताच्या कारभारावर होती.

२०/२२
१८३५ पासून मोती काढण्याच्या हंगामापुरता समुद्रावरचा तह होऊ लागला, १८५३ मध्ये तो कायमचा झाला. एका शेखाच्या माणसांनी दुसऱ्याच्या गलबतावर हल्ला केला, तर सूड घ्यायचा नाही, बुशहर येथील इंग्रज रेसिडेंटकडे तक्रार न्यायची. १८५६ मध्ये सुलतान सैद वारल्यावर मस्कत आणि झांझिबार यांवरून त्याच्या मुलांत वाद झाला. १८६१ मध्ये तो सोडवला कलकत्त्यात बसलेल्या गव्हर्नर जनरल कॅनिंगने: दोन राज्ये वेगळी, आणि झांझिबारने मस्कतला वर्षाला ४०,००० क्राउन द्यायचे. १८८० मध्ये बहारीनने, १८९२ मध्ये आजच्या अमिरातीतील शेखांनी आणि १८९९ मध्ये कुवेतने इतर सत्तांशी व्यवहार करण्याचा अधिकार सोडला. देवगावच्या कलमाचीच ही भावंडे.

२१/२२
मग नागपूर खालसा झाले आणि शेखांची राज्ये कशी टिकली? आखातात कंपनीला हवा होता सुरक्षित जलमार्ग. ओसाड किनाऱ्यावर कारभार चालवण्याचा खर्च करण्यात तिला रस नव्हता. नागपूरकडे महसूल, कापूस आणि मुंबई-कलकत्त्यामधील वाटा होत्या. कलम सारखेच, हेतू निराळे, म्हणून शेवटही निराळा. या व्यवस्थेचे समर्थक म्हणतात की, तिच्यामुळे पेंढाऱ्यांच्या धाडी थांबल्या आणि मोत्यांचा हंगाम निर्धास्त झाला. ते खोटे नाही. परंतु दोन शेजाऱ्यांमधील शांतता तिसऱ्याच्या हाती सोपवली की, ती कधी मोडायची हेही तोच ठरवतो.

२२/२२
वर्धेपलीकडचे राजुरा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहिले आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात आले. १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. सरहद्दी अशा येतात आणि पुसल्या जातात. पण १८१८ मध्ये बाजीराव आणि आप्पासाहेब यांची भेट टाळण्यासाठी केवढी फौज हलली, हे ध्यानात ठेवावे. ती भेट झाली असती तर मराठे जिंकलेच असते, असे म्हणण्याला आधार नाही. दोघांनीही फार उशीर केला होता. मुद्दा एवढाच की, पुढच्या वेळी कोणताही तह वाचताना ‘किती मुलूख गेला’ याबरोबर ‘आता कोणाशी थेट बोलता येणार नाही’ हेही शोधा. तुमच्या जिल्ह्यातील संस्थानाच्या तहात असे कलम आढळले, तर खाली जरूर लिहा.